मालिकेतलं गुपित नेमकं कोणापासून लपवलेलं असतं?

मराठी मालिकेतलं मोठं गुपित प्रेक्षकाला बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच कळलेलं असतं. ही आश्रमात वाढलेली मुलगी खरं तर त्या बंगल्यातली हरवलेली लेक आहे, हा साधासा मुलगा खरं तर मालक आहे, हे लग्न फक्त कागदावरचं आहे, हा डॉक्टर तर डॉक्टरच नाहीये. सगळं माहीत असतं आपल्याला. तरी पुढची दोन-दोन वर्षं आपण रोज ठरलेल्या वेळेला टीव्ही लावतो आणि समोरच्या हिरॉइनला 'अगं सांगून टाक ना एकदाचं' म्हणून ओरडतो. आमच्या कोथरूडच्या बिल्डिंगमध्ये साडेआठ वाजता तीन मजल्यांवरून हे एकच वाक्य ऐकू येतं, खरंच.

ज्यांना मालिका आवडत नाहीत ते म्हणतात यात काय बघायचं, सगळं तर आधीच कळलंय. मला वाटतं त्यांचा इथेच घोळ होतो, कारण ते गुपिताला कोडं समजतात, उत्तर कळलं की संपलं. टीव्हीवरचं गुपित तसं चालतच नाही. ते कसं चालतं हे बघायला एक मालिका मनातल्या मनात बनवूया, आपल्या पुण्यातलीच.

समजा शनिवार पेठेत नदीच्या अंगाला एक जुना वाडा अजून उभा आहे. वाड्यात ऐंशीच्या पुढच्या एक आजी आणि त्यांची नात. वरच्या दोन खोल्या कॉट बेसिसवर मुलांना दिलेल्या. त्यात एक नवीन मुलगा येतो, मंदार, एमपीएससीचा अभ्यास करतो म्हणून सांगतो. खरं तर तो बिल्डरचा मुलगा आहे, वाडा पाडून इमारत बांधायचीय आणि आजी सही का करत नाहीत हे आतून शोधून काढायला बापानेच त्याला धाडलंय. आता आजींचंही एक गुपित आहे. वाडा त्यांच्या नावावर नाहीच. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पेठांमध्ये पाणी शिरलं, त्यानंतर मूळ मालक गाव सोडून गेले, जाताना आजींच्या वडिलांना 'सांभाळा' म्हणाले आणि परत आलेच नाहीत. आजी सही करत नाहीत त्या हट्टाने नाही, त्यांना तो हक्कच नाही, आणि हे त्यांनी नातीलासुद्धा सांगितलेलं नाही.

बघा, दोन्ही गुपितं सांगून झाली आणि तरी मालिका आत्ताशी सुरू होतेय. कारण आता कोणाला किती माहीत आहे याची वाटणी झालीय. मंदारला स्वतःचं माहीत, आजींना स्वतःचं, नातीला दोन्ही नाही, आणि आपल्याला दोन्ही. आता आजी मंदारपुढे चहाचा कप ठेवत नुसतं म्हणाल्या, 'तू आहेस म्हणून बरं बाबा, नाहीतर हल्ली वाड्यात कोणावर विश्वास ठेवायची सोय राहिली नाही,' तर एरवी हे अगदी साधं वाक्य आहे, कोणीही आजी बोलेल असं. पण ते मंदारला टोचतं, आपल्याला दुप्पट टोचतं कारण आजीही काहीतरी दाबून बोलतायत, आणि बाजूला भाजी निवडत बसलेल्या नातीला काहीच लागत नाही. एकच वाक्य, चार कान, चार अर्थ. मालिकेत अशा वेळी कॅमेरा ढॅण-ढॅण करत एकेका चेहऱ्यावर का जातो हे आता कळेल, तो प्रत्येकाला किती माहीत आहे हे दाखवत फिरत असतो. जास्त वाजवतात हे खरं, पण कारण पक्कं आहे.

ही युक्ती टीव्हीने काढलेली नाही. महाभारतातलं विराटपर्व आठवा. बारा वर्षं वनवास आणि तेरावं वर्ष अज्ञातवास, त्या वर्षात ओळखले गेले तर पुन्हा वनवास, अशी अट. मग युधिष्ठिर कंक होऊन विराट राजाशी फासे खेळतो, भीम बल्लव नावाचा आचारी, अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्या उत्तरेला नाच शिकवतो, द्रौपदी सैरंध्री. त्यातला एक प्रसंग मला कुठल्याही मालिकेच्या महाएपिसोडपेक्षा भारी वाटतो. कौरवांना हरवून राजपुत्र उत्तर परत येतोय अशी बातमी येते. राजा विराट खुशीत, फासे मांडतो आणि पोराचं कौतुक करायला लागतो. कंक शांतपणे म्हणत राहतो की बृहन्नडा सारथी असल्यावर जिंकणारच. राजाला राग येतो, माझ्या मुलापुढे त्या नाच शिकवणाऱ्याचं कौतुक? तो फासा फेकून कंकाच्या तोंडावर मारतो आणि नाकातून रक्त येतं. युधिष्ठिर ते जमिनीवर पडू देत नाही, ओंजळीत धरतो, सैरंध्रीकडे बघतो, ती पटकन भांडं पुढे करते. आणि दारात उत्तर आणि बृहन्नडा आलेत असं कळल्यावर तो द्वारपालाच्या कानात सांगतो की एकट्या उत्तरालाच आत सोड. कारण लढाईबाहेर युधिष्ठिराचं रक्त काढणाऱ्याला जिवंत सोडणार नाही अशी अर्जुनाची प्रतिज्ञा.

काय चाललंय बघा त्या दालनात. विराटाला काहीच माहीत नाही, तो आपल्या मृत्यूच्या किती जवळ आहे हेही नाही. सैरंध्रीला सगळं माहीत, पण ती दासी, भांडं धरण्यापलीकडे काही करू शकत नाही. उत्तराला खरा पराक्रम कोणाचा हे कळलंय पण गप्प राहायला सांगितलंय. आणि ज्याच्या हातात खरी ताकद आहे तो दाराबाहेर. ऐकणाऱ्याला सगळं ठाऊक असतं आणि म्हणूनच श्वास अडकतो. ठाऊक नसतं तर एका राजाने एका नोकराला मारलं एवढाच प्रसंग होता.

आता याच्या उलटा प्रकारही आहे, जिथे प्रेक्षकालाही अंधारात ठेवतात. अमेरिकेतल्या 'डॅलस' मालिकेत २१ मार्च १९८० ला जे.आर. नावाच्या मुख्य पात्रावर गोळी झाडली गेली, कोणी झाडली ते सांगितलं नाही. मध्ये कलाकारांचा संप झाला, उत्तर मिळालं थेट २१ नोव्हेंबरला, आणि तो भाग साधारण सव्वाआठ कोटी अमेरिकनांनी बघितला. जबरदस्तच. पण हा बार एकदाच उडतो. १९९० च्या 'ट्विन पीक्स'मध्ये लॉरा पामर नावाच्या मुलीला कोणी मारलं हा प्रश्न होता, करणाऱ्यांना तो लवकर सोडवायचाच नव्हता, चॅनेलने दबाव आणला, नोव्हेंबरमध्ये खुनी दाखवला, मग प्रेक्षक गळत गेले आणि पुढच्या वर्षी मालिका बंद. सगळा भार एका उत्तरावर टाकला की उत्तर दिल्यावर हातात काही उरत नाही.

आपल्याकडच्या रोजच्या मालिकेला हे परवडणारं नाही. साधा हिशोब आहे. आठवड्याला सहा भाग म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर. तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवायची मुभा आहे, त्यामुळे अर्ध्या तासातून गोष्टीला बावीस-चोवीस मिनिटं मिळतात, आणि तीसुद्धा कोणी पोळ्या लाटता लाटता बघतं, कोणी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून उशिरा पोचतं, कोणाचे दोन भाग लग्नाला गेल्यामुळे बुडतात. कोड्याची मालिका असेल तर दोन भाग बुडालेला माणूस कायमचा बाहेर. पण 'हिला माहीत नाहीये की तीच त्या घराची मुलगी आहे' एवढं एक वाक्य शेजारणीने सांगितलं की कोणीही कुठूनही आत शिरू शकतं. प्रेक्षकाला आधीच सांगून टाकणं हा आळस नाही, त्याच्या जगण्याच्या पद्धतीचा विचार करून घेतलेला निर्णय आहे, आणि या गोष्टीसाठी मालिका लिहिणाऱ्यांना फार कमी श्रेय मिळतं असं मला मनापासून वाटतं.

आधी कळलं तर मजा जाते का, याचा अभ्याससुद्धा झालाय. २०११ मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जोनाथन लेव्हिट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. शेवट माहीत असलेल्यांना कथा सरासरीने जास्त आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत उलटंही निघालं, त्यामुळे हा काही अंतिम निकाल नाही, पण शेवट फुटला म्हणजे सगळं गेलं हा समज तरी त्यातून ढिला होतो. आणि आपल्याला तसंही हे माहीतच होतं की, १९८८ ते १९९० मध्ये दूरदर्शनवर महाभारत लागायचं तेव्हा कर्ण कोणाचा मुलगा हे घराघरात ठाऊक होतं आणि तरी रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे.

लपलेल्या ओळखीचे दोन अगदी वेगळे प्रकार असतात आणि ते ओळखता आले की अर्धी मालिका उलगडते. एक, माणूस स्वतः लपवतोय. दोन, माणसाला स्वतःलाच माहीत नाही. पहिल्यात अपराधीपणा असतो, दुसऱ्यात अन्याय. 'देवमाणूस' मालिकेतला बोगस डॉक्टर अजितकुमार देव पहिल्या जातीचा, गाव त्याला देव मानतं आणि आपण त्याने केलेले खून बघत असतो. कर्ण आयुष्याचा मोठा भाग दुसऱ्या जातीचा. आणि डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली 'ठरलं तर मग' बराच काळ टीआरपीत पहिल्या नंबरावर का राहिली याचं एक कारण मला इथे दिसतं. आश्रमात वाढलेल्या सायलीला माहीत नाही की हरवलेली लेक तन्वी म्हणून जिला शोधतायत ती आपणच, म्हणजे तिच्यावर अन्याय होतोय. तन्वी म्हणून मिरवणाऱ्या प्रियाला पक्कं माहीत आहे की आपण तन्वी नाही, म्हणजे ती लपवतेय. आणि त्याच वेळी सायली स्वतःसुद्धा एक गोष्ट लपवतेय, अर्जुनशी तिचं लग्न कॉन्ट्रॅक्टचं आहे. एकच मुलगी एका बाजूने फसवली गेलेली आणि दुसऱ्या बाजूने सासरच्यांना फसवणारी, त्यामुळे आपण तिची नुसती कीव करत नाही, तिच्यासाठी घाबरतोही.

पण गुपित टिकवायचं कसं? इथे चांगलं आणि वाईट लिखाण वेगळं होतं. वाईट लिखाणात ती सांगायला तोंड उघडते आणि दारावरची बेल वाजते. दुसऱ्या दिवशी तोंड उघडते आणि सासूबाईंना चक्कर येते. तिसऱ्या दिवशी पत्र लिहून ठेवते तर ते पंख्याने उडून कपाटाखाली जातं. यात गुपित योगायोगाने टिकतंय, माणसामुळे नाही, आणि प्रेक्षकाला ते बरोबर समजतं, तो चिडतो, आणि त्याचं चिडणं अगदी रास्त आहे. चांगल्या लिखाणात सांगायची पूर्ण संधी असते, समोर माणूस बसलाय, दार बंद आहे, फोन वाजत नाहीये, आणि तरी ती सांगत नाही, कारण न सांगण्याला खरं कारण आहे.

कर्णाचंच बघा. युद्धाआधी कृष्ण त्याला एकट्याला गाठून सांगतो की तू कुंतीचा थोरला मुलगा आहेस. आता कर्णाने जाहीर केलं तर युद्धच टळेल. पण तो कृष्णाला विनवतो की युधिष्ठिराला हे कळू देऊ नकोस, त्याला कळलं तर तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. काय कारण आहे हे! त्याच्या स्वभावातून आलेलं, मैत्रीतून आलेलं, आणि त्याचा जीव घेणारं. असं कारण असेल तर शंभर भाग ताणा, मी बघीन.

शिवाय ते कारण बदलत जावं लागतं. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'मध्ये घना आणि राधाने घरच्यांपासून लग्नाचा करार लपवला तो सुरुवातीला स्वतःच्या सोयीसाठी. मग घरची माणसं जीव लावायला लागली, आता सांगितलं तर त्यांचं मन मोडेल म्हणून लपवलं. मग दोघं एकमेकांतच अडकत गेले आणि करार मोडायची भीती वेगळीच झाली. गुपित तेच, कारणं मात्र वाढत गेली. खोटं हे व्याजाने काढलेल्या कर्जासारखं असतं, मुद्दल तेवढंच राहतं पण सांगायची किंमत दर महिन्याला वाढते. आपल्या मंदारने पहिल्या आठवड्यात खरं सांगितलं असतं तर आजींनी त्याला चार शब्द सुनावून हाकलला असता, बस. सहा महिन्यांनी, आजींच्या गुडघ्याला तेल लावून दिल्यावर, नातीबरोबर पर्वती चढून आल्यावर सांगायचं म्हणजे तीन माणसं मोडणार.

मालिकेतली माणसं आरशासमोर, देवघरासमोर, हार घातलेल्या फोटोसमोर उभं राहून मोठ्याने का बोलतात याची लोक खूप टिंगल करतात. त्यातही तथ्य आहे. कोलंबिया विद्यापीठातले मायकल स्लेपियन गुपितांवर संशोधन करतात, २०१७ च्या त्यांच्या अभ्यासात असं दिसलं की माणसाकडे एका वेळी सरासरी १३ प्रकारची गुपितं असतात आणि त्यातली ५ तर त्याने कोणालाच सांगितलेली नसतात. महत्त्वाचं म्हणजे गुपिताचा त्रास समोरच्यापासून लपवताना होतो त्यापेक्षा एकटं असताना ते पुन्हा पुन्हा डोक्यात येतं तेव्हा जास्त होतो. हे डोक्यातलं येणं कॅमेऱ्याला दिसत नाही. म्हणून जुन्या नाटकांत नायिकेला सखी असायची, मालिकेत मैत्रीण किंवा आरसा असतो. गौरी गणपतीला नैवेद्य दाखवताना एखादी बाई मनातलं पुटपुटते तेव्हा आपण हसत नाही, मग टीव्हीवरच्या बाईला का हसायचं?

आता गुपित फुटायची वेळ. आपल्याकडे पुरुषोत्तम करंडकात, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेत, मुलं तासाभराच्या आत ओळख लपवून, फोडून, परिणाम दाखवून मोकळी होतात आणि भरत नाट्य मंदिर डोक्यावर घेतलं जातं. मालिकेला तोच क्षण दोन वर्षांनी येतो, तेव्हा तो कसा येतो याला फार महत्त्व आहे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने सुमारे २३०० वर्षांपूर्वी ओळख पटण्याचे प्रकार चांगल्या-वाईटाच्या क्रमाने लावले होते. अंगावरच्या खुणा, गळ्यातली माळ यांवरून ओळख पटणं हे त्याच्या मते कमी दर्जाचं. आपलं लॉकेट आणि जन्मखूण त्यात आलीच. सगळ्यात श्रेष्ठ म्हणजे घटनांमधूनच सत्य बाहेर पडणं. त्याचं आवडतं उदाहरण ग्रीक नाटकातल्या राजा इडिपसचं, दूत येतो आईशीच लग्न होईल ही त्याच्या मनातली भीती घालवायला, आणि त्याच दिलाशातून इडिपसला कळतं की आपण कोण आहोत.

हा निकष आपल्या वाड्याला लावून बघू. मंदारच्या पाकिटातून बापाबरोबरचा फोटो पडला आणि नातीने उचलला, हे झालं लॉकेट. त्यापेक्षा असं करा. रात्री आजी न्हाणीघरात पडतात. हॉस्पिटलमध्ये डिपॉझिट मागतात, मोठी रक्कम, नातीकडे नाही, रिक्षावाला अजून बाहेर उभा आहे. मंदार एक क्षण थांबतो आणि खिशातलं कार्ड काढतो. सकाळी नात पावती बघते, पैसे भरणाऱ्याचं नाव आणि आडनाव. एमपीएससी करणाऱ्या कॉट बेसिसवरच्या मुलाकडे एवढे पैसे आले कुठून, आणि हे आडनाव तर वाड्याला आलेल्या नोटिशीवर आहे. त्याने केलेल्या पहिल्या निःस्वार्थ कामानेच त्याला पकडून दिलं. इथे लॉकेट लागत नाही.

'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकन मालिकेत वॉल्टर व्हाइट ड्रग्ज बनवतो हे आपल्याला २००८ पासून माहीत, त्याचा सख्खा साडू हँक ड्रग्जविरोधी खात्यात अधिकारी, आणि त्याला हे कळतं थेट २०१२ मध्ये, वॉल्टरच्याच घरी, एका पुस्तकात हाताने लिहिलेल्या मजकुरावरून. आपल्याला त्या क्षणी नवीन काहीच कळत नाही. तरी अंगावर काटा येतो, कारण इतकी वर्षं एकत्र जेवलेली सगळी जेवणं हँकच्या डोळ्यांसमोर बदलताना दिसतात. 'तुला पाहते रे'मध्ये हा धक्का प्रेक्षकालाच दिला होता, ज्या विक्रांत सरंजामेवर लोकांनी जीव लावला तो मुळात गजेंद्र पाटील निघाला, पहिल्या बायकोचा, राजनंदिनीचा खुनी. आवडलं नाही असं म्हणणारे मला पुष्कळ भेटले, पण त्यानंतर त्याचं आधीचं गोड वागणं प्रत्येकाने मनात परत तपासलं. गुपित फुटल्यावर आधी बघितलेले प्रसंग वेगळे दिसायला लागले नाहीत तर ते फुटून काय उपयोग?

आणि मला सगळ्यात जास्त रस असतो तो त्यानंतरच्या आठ दिवसांत. ओळख खोटी होती, मग त्या ओळखीत जे जे घडलं तेही खोटं का? आजींच्या गुडघ्याला लावलेलं तेल खोटं होतं? कर्णाच्या बाबतीत याचं उत्तर भयंकर आहे, युद्ध संपल्यावर तर्पणाच्या वेळी कुंती सांगते, आणि आपण थोरल्या भावाला मारलं हे कळल्यावर युधिष्ठिर समस्त स्त्रियांना शाप देतो की त्यांच्या पोटात काही राहणार नाही. एका आईचा राग सगळ्या बायकांवर काढणं हे मला कधीच पटलेलं नाही, पण फसवलं गेलेला माणूस असाच वेडावाकडा वागतो, हेही त्यात आहे. विराटाच्या घरी मात्र वेगळं होतं. पांडव उघड झाल्यावर राजा अर्जुनाला आपली मुलगी उत्तरा देऊ करतो. अर्जुन नको म्हणतो, वर्षभर मी तिला शिकवलं, तिने माझ्यावर बापासारखा विश्वास टाकला, मी तिला सून करून घेईन. नाव खोटं होतं, वेश खोटा होता, पण शिकवणं खरं होतं, आणि सोंग उतरवल्यावर त्या माणसाने नातं तेच ठेवलं.

आपल्या बऱ्याच मालिका नेमक्या याच जागी सहा वर्षांचा लीप घेतात. हॉस्पिटलच्या जिन्यात नात मंदारला पावती दाखवून पहिलं काय विचारते ते मला बघायचं असतं. आणि घरी आल्यावर, दुसऱ्याचं खोटं पकडलं गेलेलं बघून, आजी स्वतःचं कधी सांगतात तेही.